सतरा झाडांचा अर्ज

मी अर्ज लिहिला की त्यात कुणाला चूक काढता येत नाही, अशी माझी ख्याती आहे. एकतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली हाताळल्या, सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाले. आता त्यालाही आठ वर्षं झाली, तरी दिल्लीत, मुनिरकाच्या आमच्या सरकारने बांधलेल्या डीडीए फ्लॅट्समध्ये कुणाला पाण्याच्या बिलाची तक्रार करायची असो की पेन्शनचं पत्र पाठवायचं असो, लोक माझ्याच दारात येतात. त्यामुळे लिफ्टसाठी झाड तोडायची परवानगी मागायची वेळ आली तेव्हा अर्ज अर्थातच मी लिहिला. तो माझ्या अंगाशी कसा आला तेही मीच सांगते. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते बरं.

आमच्या ब्लॉकमध्ये आठ घरं. चार मजले, मधून जिना, लिफ्ट नाही. तळमजल्यावर जिन्याच्या उजवीकडे मी, सरला, एकटी. अगदी वर, तिसऱ्या मजल्यावर, सूर्यकांतराव, तेही एकटेच. ब्लॉकमधली मराठी घरं आमची दोनच. माझा नवरा विश्वास आणि ते एकाच वर्षी इथे राहायला आले. सूर्यकांतराव सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर नकाशे काढले. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा पाय मात्र रुसला तो रुसलाच. सपाट जमिनीवर वॉकर धरून चालतात, पण पायरी म्हटली की संपलं. दवाखान्यात जायचं झालं की दोन माणसं त्यांना खुर्चीत बांधून उतरवायची. एकदा मला म्हणाले, "सरलाताई, अजून जिवंत आहे हो मी, मला असं खांद्यावरून नेऊ नका."

त्यांची भाजी मी घ्यायचे. सकाळी ठेलेवाला आला की ते वरून दोरीला बांधलेली टोपली सोडायचे, मी तिच्यात भाजी ठेवायची. मग वरून ओरडा सुरू. "दोडका निबर आहे." मी खालून म्हणायचे, "हातात न घेता कसं कळलं?" ते म्हणायचे, "रंगावरून कळतं. मला एकदा खाली येऊ द्या, मग बघा कसा निवडायचा ते." तीन वर्षं हे भांडण रोज चाललं. त्या माणसाला या वयात हवं होतं ते इतकंच, आपल्या पायाने खाली यावं, ठेल्यावरचे चार दोडके दाबून बघावेत आणि एक घ्यावा.

मग आम्ही लिफ्टचं मनावर घेतलं. आठही घरांच्या सह्या मी गोळा केल्या. पहिल्या मजल्यावरचे बॅनर्जी नाही नाही म्हणत होते, त्यांच्या घरी तीनदा चहा प्यायले आणि सही घेऊनच उठले. लिफ्ट जिन्याला लागूनच बसवायला हवी. जिन्याच्या उजवीकडे माझं घर. डावीकडे, शेजारच्या घरापुढे, कढीपत्ता.

हा कढीपत्ता म्हणजे आमच्या ब्लॉकचं दैवत. सूर्यकांतरावांच्या पत्नी, अलकनंदावहिनी, त्यांनी पुण्याहून झेलम एक्सप्रेसने डालड्याच्या डब्यात एक रोप आणलं होतं, पंचवीस वर्षं झाली. दिल्लीच्या थंडीत दरवर्षी ते सगळी पानं टाकून काटकी होतं, आणि दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा फुटतं. आता पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकलंय. बॅनर्जी त्यांच्या डाळीत घालतात, वरचे शर्मा कढीत घालतात, आणि पोह्यांत तो नसेल तर मी पोहे करतच नाही. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, पण फोडणी टाकली की त्यांची आठवण येते.

तर ते झाड तोडायचं ठरलं. सूर्यकांतरावांनी संमतीपत्रावर पहिली सही केली. मला बरं वाटलं नाही, पण माणूस महत्त्वाचा की झाड? मी कायदा काढून वाचला. दिल्लीत १९९४ पासून झाडांचा वेगळा कायदा आहे. झाड आपल्या दारातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाही, आणि एक तोडलं तर साधारण दहा लावावी लागतात. झाड कशाला म्हणायचं तेही लिहिलंय. जमिनीपासून तीस सेंटीमीटरवर खोड पाच सेंटीमीटर हवं, आणि उंची निदान एक मीटर.

झालं. मी शिवणकामाची टेप घेतली आणि कढीपत्त्याखाली जाऊन बसले. त्याला मुळापासून ढीगभर धुमारे फुटलेत. एकेका धुमाऱ्याला टेप गुंडाळली. पाच भरला की नोंद, साडेपाच भरला की नोंद. एकूण सतरा. लोक म्हणाले, एकच झाड लिहा ना ताई, कोण मोजायला येणार आहे? मी म्हटलं, सरकारी कागदावर मी खोटं लिहीत नाही. अर्जात सतरा झाडं लिहिली, प्रत्येकाला नंबर दिला, खाली तक्ता जोडला. नकाशाही मीच काढला. डावीकडे सतरा ठिपके, आणि उजवीकडे, जिथे माझं घर आहे, तिथे एक चौकोन काढून आत लिहिलं, 'पक्कं बांधकाम'.

त्या चौकोनाकडे पुन्हा यायचंय, विसरू नका.

पंधरा दिवसांनी एक मुलगी आली. खाकी पँट, बूट, पाठीवर सॅक, वय असेल अठ्ठावीस. वन विभागाची रेंज ऑफिसर. एरवी असल्या तपासणीला फॉरेस्ट गार्ड येतो, पण मुनिरकासारख्या ठिकाणी एका जिन्यापाशी सतरा झाडं आहेत हे वाचून तिला वाटलं होतं, इथे कुणीतरी अख्खी बाग कापायला निघालंय. म्हणून ती स्वतः आली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी हिंदीत सुरुवात केली. ती हसून म्हणाली, "काकू, मराठीत बोला ना. मी अपूर्वा. आर. के. पुरमला वाढले, बाबा केंद्र सरकारात होते. मूळचे आम्ही नगरचे." मला कोण आनंद झाला. म्हटलं आपली मुलगी आहे, आता काम झालंच समजा. दिल्लीतल्या मराठी माणसाची ही जुनी खोड आहे, समोरचा मराठीत बोलला की त्याला आपण घरचाच धरतो. मी तिला पोहे दिले, त्याच कढीपत्त्याचे. तिने आवडीने खाल्ले, बशी स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवली, आणि बाहेर जाऊन मोजायला बसली.

तिच्याकडे जाडी मोजायचा लोखंडी चिमटा होता. एकेक धुमारा त्यात धरून बघत गेली. मग उठून म्हणाली, "काकू, तुम्ही गोलाई मोजलीत. कायद्यात पाच सेंटीमीटर जाडी आहे, आरपार. म्हणजे टेप गुंडाळली तर पावणेसोळा भरायला हवी. इथे झाडं दोनच आहेत, एक मोठं आणि एक त्याचं पिल्लू." मग पुन्हा माझा तक्ता पाहिला आणि म्हणाली, "पण इतका सुंदर तक्ता मी आजवर पाहिला नाही, बिल्कुल. लोक पन्नासाचे पाच करतात, तुम्ही दोनाचे सतरा केलेत."

एकतीस वर्षांत माझी चूक अशी कुणी दाखवली नव्हती. पण तिने ती इतक्या आदबीने दाखवली, की मला रागावताही येईना. मी म्हटलं, बरं, दोन तर दोन, मग सही करून टाक. ती म्हणाली, "हे कॉंक्रीट कुणी केलंय?" झाडाच्या बुंध्यापर्यंत आम्ही फरशी सिमेंटची केली होती, चिखल नको म्हणून. "झाडाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायची असते, काकू. याचा गळा आवळलाय तुम्ही. आणि जमिनीत पाणी मुरायला जागा कुठे ठेवलीय?" हे सांगताना ती खाली वाकून हाताने सिमेंटची कड चाचपत होती. मग म्हणाली, "ज्यांच्यासाठी लिफ्ट हवीय, त्यांना भेटते एक मिनिट."

आणि पोरगी भराभर जिना चढून गेली. माझे गुडघे हे असे, मी मागून एकेक पायरी धरत. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागली म्हणून मी त्यांच्या उघड्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. अपूर्वा खिडकीपाशी असावी.

"काका, हा नकाशा तुम्ही पाहिला होता?"

"पाहिला. माझी सही आहे ना खाली."

"उजवीकडे पक्कं बांधकाम लिहिलंय. मला तर इथून पत्रे दिसतायत."

आता चौकोनाचं सांगते. माझ्या घरापुढची जागा माझी नाहीच. ती सगळ्या ब्लॉकची, सामायिक, मोकळी जागा. वीस वर्षांपूर्वी विश्वासने तिथे अर्धी भिंत घातली, वर पत्रे टाकले आणि व्हरांडा केला. तेव्हा सगळेच करत होते, अजूनही करतात. त्या व्हरांड्यात विश्वासची वेताची खुर्ची आहे, माझं शिवणाचं मशीन आहे, लोणच्याच्या बरण्या आहेत. लिफ्ट तिथेही बसली असती, अगदी सहज. मी नकाशा काढताना ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. हात तिथे आला आणि आपसूक 'पक्कं बांधकाम' लिहून गेला. पाच सेंटीमीटरचा धुमारा लपवायचा नाही म्हणून नाकाने कांदे सोलणारी मी, आणि दहा फुटांचा व्हरांडा गिळून बसले होते.

सूर्यकांतराव म्हणाले, "बेटा, मी चाळीस वर्षं नकाशे काढलेत. हा चुकीचा आहे हे मला बघताक्षणी कळलं."

"मग सही का केलीत?"

"विश्वास गेल्यापासून सरलाताई तिथेच बसतात. सकाळचा चहा तिथे, पेपर तिथे. हिवाळ्यात उन्हाला पाय बाहेर काढून बसतात. मला इथून पत्र्याखाली नुसते पायच दिसतात, निळ्या सपाता घातलेले. ते दिसले की मला कळतं, चला, उठल्या, ठीक आहेत. ती जागा गेली तर त्या बसणार कुठे? झाड अलकनंदाचं आहे. ती असती तर तिनेच सांगितलं असतं, झाड घ्या म्हणून. त्याचं काय."

मी तिथे उभी होते आणि मला आत जाता येईना, खालीही जाता येईना. बायकोच्या हातचं शेवटचं झाड त्या माणसाने माझ्या सपातांसाठी सही करून देऊन टाकलं होतं. आणि तीन वर्षं माझ्याशी दोडक्यावरून भांडत होता, पण याबद्दल एक शब्द काढला नव्हता. इतका मोठा माणूस माझ्या डोक्यावर दोन मजले सोडून राहतो आणि मी त्याला खडूस म्हातारा म्हणत आले.

अपूर्वा म्हणाली, "काका, झाडाला बोलता येत नाही ना. त्याच्या बाजूने कुणीतरी विचारायला हवं म्हणून मला पाठवतात. मला एकच बघायचं असतं, झाड न तोडता काम होण्यासारखं आहे का."

ती बाहेर आली तेव्हा मला पाहून थबकली. मी सगळं ऐकलं हे तिला कळलं. आम्ही खाली उतरलो, तिने माझा हात धरला होता. मी मनात म्हणत होते, आता ही मला व्हरांड्यावरून बोलणार. ती बोलली नाही. सॅक पाठीवर टाकत म्हणाली, "काकू, माझा रिपोर्ट परवा जाईल. मला जे दिसलं ते त्यात असेल, त्यात मी काही कमीजास्त करू शकत नाही. पण त्याच्याआधी अर्जदाराला अर्ज मागे घेता येतो. आणि कॉंक्रीट मात्र काढायलाच लागेल हां, लिफ्ट होवो न होवो."

मी म्हटलं, "तू आपली मराठी मुलगी ना गं."

"हो ना काकू," ती म्हणाली. "म्हणून तर सांगितलं."

ती गेल्यावर मला भयंकर राग आला. शरमेचा राग फार वाईट. अख्ख्या कॉलनीत जा आणि बघा, म्हटलं, कुणी गॅरेज केलंय, कुणी खोली काढून मुनिरका गावातल्यासारखी विद्यार्थ्यांना भाड्याने दिलीय, आणि ही पोरगी येऊन माझ्या पत्र्यांवर बोट ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली खाली आली तेव्हा मी वर पाहिलंच नाही. दोडका टाकला आणि आत गेले. वरून आवाज आला, "निबर आहे." रोजच्यासारखाच आला. म्हणजे त्यांनी कालचं काहीच मनात ठेवलं नव्हतं, की मी ऐकलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं, देव जाणे.

मी चहा घेऊन व्हरांड्यात बसले. सवयीने पाय बाहेर काढले, आणि लगेच आत घेतले. वरून कुणीतरी बघतंय म्हणून नव्हे. ते इतकी वर्षं काय बघत होते ते कळलं म्हणून. मला त्या खुर्चीत बसवेना. उठले, कागद घेतला.

अर्ज मागे घेत असल्याचं दोन ओळींत लिहिता आलं असतं. पण नवा नकाशा जोडायचा तर कारण लिहायला हवं. पहिल्यांदा लिहिलं, 'सदर जागेवर अर्जदाराच्या दिवंगत पतीने बांधकाम केले होते'. वाचून पाहिलं. मेलेल्या माणसाच्या नावावर ढकलणं किती सोपं असतं. ते फाडलं. मग लिहिलं, 'जिन्याच्या उजवीकडील जागा सामायिक आहे. ती मी वीस वर्षे वापरत आहे. आधीच्या नकाशात मी ती चुकीची दाखवली. ती मी मोकळी करत आहे. लिफ्ट तिथे बसवावी. कढीपत्ता तोडण्याची गरज नाही.' आयुष्यात मी हजारो कागद लिहिले असतील, पण त्या सहा ओळींना मला सकाळचे अकरा वाजले.

कागद घेऊन मी स्वतः तिच्या ऑफिसात गेले. अपूर्वाने उभं राहून तो घेतला, वाचला, आणि फक्त पोचपावतीचा शिक्का मारून दिला. शाबासकी नाही, उपदेश नाही. मी अनेक अधिकारी पाहिले, दरारा असलेले, गोड बोलणारे, खुर्चीत मावत नसलेले. पण असं कुणी पाहिलं नाही, जे कायदा अगदी तसूभर न सोडता समोरच्या बाईची लाज राखतं. मला वाटलं, आपल्या वेळी असा एक जरी साहेब भेटला असता तर मी जास्त चांगली नोकरी केली असती.

पत्रे उतरवले त्या दिवशी मी बॅनर्जींकडे जाऊन बसले, ते बघवणार नव्हतं. कढीपत्त्याच्या भोवतालचं कॉंक्रीट फोडताना मात्र उभी होते. अपूर्वाही आली होती, रविवार असून. सिमेंटखाली माती दगडासारखी झाली होती. तिने बादलीभर पाणी ओतलं तर ते कितीतरी वेळ तसंच उभं राहिलं, मग हळूहळू आत गेलं. "पाहिलंत काकू," ती म्हणाली, "प्यायचं विसरला होता." सूर्यकांतराव वरच्या खिडकीतून बघत होते.

लिफ्टला आठ महिने लागले. पत्रे निघाल्यावर माझ्या स्वयंपाकघरात थोडा उजेड आला होता, तो लिफ्टच्या भिंतीने परत नेला. विश्वासची वेताची खुर्ची मी कढीपत्त्याखाली मोकळ्या मातीच्या कडेला ठेवली. पाय लांब करायला तिथे जागा बरीच आहे.

लिफ्ट सुरू झाली ती मार्चमध्ये. कढीपत्त्याला तांबूस कोवळी पानं आली होती. लिफ्टचं दार उघडलं आणि वॉकर आधी बाहेर आला, मग सूर्यकांतराव. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. कुणालाही हात लावू दिला नाही. आधी झाडापाशी गेले, बुंध्यावर तळवा ठेवून उभे राहिले. डोळे पुसले, चोरून नाही, सगळ्यांसमोर. मग ज्या कारणासाठी तीन वर्षं थांबले होते त्याकडे वळले. ठेलेवाला आधीच थांबलेला होता. म्हणाला, "आइए अंकलजी, तोरी देख लीजिए."

त्यांनी दहा मिनिटं लावली. एकेक दोडका उचलायचा, दाबायचा, कानाशी नेल्यासारखा करायचा, ठेवायचा. शेवटी एक निवडला आणि तो माझ्या हातात देत म्हणाले, "हा बघा. याला म्हणतात दोडका. आज तुम्ही करा, मी तुमच्याकडे जेवायला येतो."

मी घरात येऊन विळी घेतली. शिरा काढल्या, मधोमध चिरला. आत जून, जाळी धरलेला, बिया काळपट टणक. असला निबर दोडका मी तीन वर्षांत एकदाही त्यांच्या टोपलीत टाकला नव्हता.

तोंडाशी आलं होतं. दार उघडंच होतं, ते बाहेर विश्वासच्या खुर्चीत बसले होते, एक हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. मी गूळ जरा जास्त घातला, शेंगदाण्याचं कूट दोन मुठी घातलं, वरून अलकनंदावहिनींच्या कढीपत्त्याची फोडणी दिली. ते जेवले, दोनदा भाजी घेतली, आणि विचारलं, "कसा निघाला दोडका?"

"कोवळा होता," मी म्हटलं.